पाठमोरी

कोट काढा, म्हणते रिस्तेन.
बाहेर उणे अठ्ठावीस, आणि म्हणते कोट काढा तिचा.
गारठून जाईल की पोर, मी म्हणतो.
ती वाद घालत नाही.
कोटासकट बिरेतला सीटमध्ये बसवते,
पट्टा ओढते, बकल लावते. खट्.
मग बकल सोडते, कोट उतरवते,
आणि पट्टा न आवळता तसाच पुन्हा लावते.
"आता हात घाला आत."
माझी अख्खी मूठ जाते.
साठ वर्षं दोर फेकलेली मूठ.
बिरेतचा खांदा तिच्याहून लहान.

तर आधी गाडी तापवायची.
मग पातळ लोकरी सदरा, त्यावर पट्टा,
असा की चिमटीत धरायला गेलं तर निसटावा,
आणि सगळ्यांच्या वर कांबळं.
माझी बोटं संधिवातानं वाकडी.
पहिल्या दिवशी सोळा मिनिटं लागली,
तेवढ्यात तिनं माझी टोपी चघळून ओली केली.

आणि तोंड मागं!
ते तर मला मुळीच पटलं नव्हतं.
माणसानं जायचं तिकडं बघावं.
तुला नाही का मी मांडीत घेऊन
बर्फावरची स्कूटर चालवली, काय झालं?
रिस्तेन म्हणाली, "आठवतंय.
तुम्ही एका हातानं धरायचात मला."
एवढंच म्हणाली.

त्या रात्री आईचा गिएत्का माळ्यावरून काढला.
कोरलेलं लाकूड, वरून कातडं,
नाडी या काठावरून त्या काठाला, त्यावरून या काठाला,
थेट हनुवटीपर्यंत.
असा आवळून तिनं मला रेनडिअरच्या कुशीला टांगलं
आणि डोंगर ओलांडले. मला कसं आठवणार?
सांगायची तीच:
नाडी सैल असती, तर तू नदीतच राहिला असतास.
कुठली नदी, ते विचारायचं राहून गेलं.

जानेवारीचा पहिला आठवडा.
दुपारीसुद्धा निळाच उजेड, सूर्य अजून यायचा होता.
लाक्सेल्वच्या रस्त्यावर, वळणाला, मधोमध
एक मादी उभी. हलेना.
ब्रेक दाबला. गाडी सरकत गेली, सरकत गेली,
आणि कडेच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

माझ्या शेजारी थर्मास होता. सुटा.
किलोभराचाही नसेल.
तो उडाला.
समोरच्या काचेला तळहाताएवढा तडा,
कॉफी ठिबकत राहिली.

मागं वळून बघायचा धीर होईना.
जे बांधलं नव्हतं त्याचं काय झालं
ते डोळ्यांसमोरच होतं.

"आद्जा," मागून आवाज आला. "मोजा पडला."

मोजा घातला. दोनदा घातला,
हात थरथरत होते म्हणून.
पट्टा चिमटीत धरून पाहिला. आला नाही.
मादी तिथंच. कानावरची खूण मिक्केलची.

मिक्केल पेट्रोल पंपावर भेटला.
त्याला मार्चमध्ये नातू व्हायचाय.
गॅरेजात एक जुनी सीट पडलीय म्हणाला,
मेहुण्याच्या ठोकरलेल्या गाडीतली, फुकट.
ती नको, मी म्हणालो,
तिचं काम ती एकदा करून बसलीय.
आरोग्य केंद्रात जा, तिथं बाई बसवून दाखवतात,
लाजू नकोस, मीही गेलो होतो.
तो हसला. नर्स झालास की काय तू!
मी त्याला काच दाखवली.
मग तो हसला नाही.
"बदलत का नाहीस ही?"
राहू दे, म्हटलं, मार्चपर्यंत.

परतताना मी पुढचं बघतो, ती मागचं.
ज्यांच्या शेजारून मी न बघता गेलो
त्या सगळ्यांना ती निरोप देते:
खांबाला, बर्चला, पुलाला,
कुणाच्या तरी धुराड्याला.
"गेला," म्हणते. "गेला."
आणि वेग जरा जास्त झाला की
शब्द एकमेकांवर चढतात तिचे,
तेव्हा मी पाय उचलतो.